बर्फाची कड धरून चाला

उंच डोंगरांवरच्या कुरणांतली रानफुलं बघायला पहिल्यांदा मी तारीख बघून गेले होते. बहर जुलैत असतो असं ऐकलं होतं, म्हणून जुलैचा पहिला आठवडा धरला. वरच्या कुरणात पोचले तर गेल्या वर्षीचं गवत चिखलात झोपलेलं, बर्फ नुकताच वितळलेला, फूल एक नाही. हिरमुसून उतरायला लागले आणि तीनेकशे मीटर खाली थबकले. सगळा उतार फुलांनी भरला होता. सकाळी वर पोचायच्या घाईत मी त्यातूनच मान खाली घालून गेले होते.

तेव्हापासून हिशेब तारखेचा नाही, बर्फाचा. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यावर मोठी झाडं उगवत नाहीत त्या उंचीच्या, वरच्या रोपांना वाढायला जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. बर्फ हटला की ती लगेच कामाला लागतात, आणि बर्फ खालून वर हटत जातो. त्यामुळे बहरही डोंगर चढत जातो. दक्षिणेकडचे उतार आधी फुलतात, उत्तरेकडचे आणि घळीतले मागून. म्हणून चढउतार जास्त असलेली वाट निवडा, अंतर कमी असलं तरी चालेल. ६००-७०० मीटरच्या चढात कुठे ना कुठे बहर गाठ पडतोच. ढोबळ काळ सांगायचा तर आल्प्समध्ये जूनअखेर ते जुलै आणि उत्तराखंडातल्या गढवालच्या फुलांच्या घाटीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये) मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसात. घाटीत मुक्कामाला परवानगी नाही. सुमारे ३०५० मीटरवरच्या घांघरिया गावाहून सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं.

उजाडताच निघा. उन्हाळ्यात डोंगरावर ढग दुपारी चढतात आणि विजा कडाडतात, कुरणात तर आडोसाच नसतो. परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. माझी बाराची असते, मग माथा दहा मिनिटांवर का असेना. गडगडाट ऐकू आला तर डोंगराची धार सोडून खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा उघड्यावर जाऊ नका.

सॅकमध्ये पोंचो, एक गरम थर, टोपी, गॉगल, सनस्क्रीन आणि भरपूर पाणी. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि अतिनील किरणं दहाएक टक्क्यांनी वाढतात. त्यामुळे थंडी वाजत असतानाही कातडी भाजते. अडीच हजार मीटरच्या वर डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर फुलं राहू द्या आणि उतरा. आणखी दोन वस्तू मी कधीच विसरत नाही: दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि बसायला रबरी चटईचा तुकडा.

कारण खरं बघणं बसूनच होतं. एका जागी वीस मिनिटं बसा. आधी नुसते रंग दिसतात, मग आकार, मग त्यांच्यावरचे भुंगे. मॉस कॅम्पियनची गादी दिसली तर जवळून बघाच: शेवाळासारखा हिरवा, घट्ट उंचवटा आणि त्यावर नखाएवढी गुलाबी फुलं. वारा वरून निघून जातो आणि ऊन आत साठतं, त्यामुळे ऊन असताना गादीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार असते. ताटाएवढी गादी अनेक दशकांची असू शकते. बुटाचा एक दाब आणि ती सगळी वर्षं गेली.

म्हणून वाट सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. वाटेवर चिखल असेल तर चिखलातूनच चाला. कडेकडेने जाणाऱ्यांमुळे वाट रुंदावते आणि त्या पट्ट्यात पुढे कित्येक वर्षं काही उगवत नाही. वाटेवरून उतरावंच लागलं तर दगडावरून दगडावर पाय टाका. फोटोसाठी कुरणात आडवं पडू नका, वाटेवर बसून कॅमेरा खाली धरला तरी तोच कोन मिळतो. फूल तोडू नका. तोडलेलं फूल म्हणजे न पडलेलं बी, आणि इतक्या छोट्या हंगामात तोटा भरून काढायला झाडाला वेळच मिळत नाही. बचनागाच्या जातीची, टोप घातल्यासारखी निळी-जांभळी फुलं तर हातानेही चाचपू नका. ती झाडं मुळापासून फुलापर्यंत विषारी असतात.

वाटेत बर्फाचा पट्टा लागला तर त्याच्या कडेशी थांबा. अगदी कडेला ओली काळी माती, हातभर अंतरावर फुटलेले कोंब, आणखी चार पावलांवर कळ्या, आणि त्यापुढे उमललेली फुलं. महिन्याभराचा क्रम दहा पावलांत दिसतो. मात्र पट्ट्यावर पाय टाकू नका, खालून पाणी वाहत असेल तर तो आतून पोकळ असतो.

जेन्शियनचं फूल भेटलं तर त्याच्याजवळ बसा. इतका गडद निळा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ऊन असेपर्यंत पाकळ्या सताड उघड्या असतात. सूर्य ढगाआड जाऊन हवा गारठली की त्या मिटायला लागतात आणि बघता बघता पेन्सिलीच्या टोकासारखी सुरळी उरते. ती मिटताना दिसली की मी चटई गुंडाळते, पोंचो वर काढून ठेवते आणि उताराला लागते.