महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांवरील अर्थशास्त्रीय संशोधन कसे वाचावे

महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांविषयीचा शोधनिबंध हाती आला की निष्कर्षाआधी त्यातील आकडे कोठून आले ते पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलिसांत दाखल झालेलेच गुन्हे मोजतो आणि एका प्रकरणात अनेक कलमे लागली असली तरी त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच गणतो. याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महिलांनाच एकांतात विचारले जाते. त्याच्या 2019-21 च्या फेरीत 18 ते 49 वयोगटातील, विवाह झालेल्या सुमारे 29 टक्के महिलांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. मात्र हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या 14 टक्केच होत्या, आणि पोलिसांपर्यंत त्यांतल्याही थोड्याच पोहोचल्या.

म्हणून नोंद वाढलेली दिसली की गुन्हे वाढले की तक्रारी, हा प्रश्न आधी विचारावा. वृत्तपत्रांचे मथळे नेमके हेच विसरतात. लक्ष्मी अय्यर, आनंदी मणी, प्राची मिश्रा आणि पेटिया टोपालोव्हा यांचा 2012 चा अभ्यास या दृष्टीने सावकाश वाचण्याजोगा आहे. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर महिलांसाठी राखीव जागांसह पंचायत निवडणुका वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी झाल्या, आणि या कालांतराचाच उपयोग करून त्यांनी तुलना केली. महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची नोंद 46 टक्क्यांनी वाढलेली आढळली. पुरुषांविरुद्धचे गुन्हे मात्र वाढले नाहीत, स्त्री-पुरुष भेदाशी संबंध नसलेले गुन्हेही वाढले नाहीत. अराजक माजले असते तर ही वाढ सर्वत्र दिसली असती. त्यामुळे तक्रार करण्याचे आणि ती नोंदवून घेतली जाण्याचे प्रमाण वाढले, हा लेखिकांचा अर्थ मला पटतो. अशी पडताळणी ज्या निबंधात नाही, त्याच्या टक्केवारीवर फारसे विसंबू नये.

त्यानंतर तुलनेचा गट कसा निवडला ते तपासावे. मध्य प्रदेशात 180 पोलीस ठाण्यांच्या प्रयोगात महिला मदत कक्ष कोठे उघडायचे हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, ठरवले होते, त्यामुळे मुळातच सजग असलेली ठाणी निवडली गेल्याची शंका उरत नाही. तेथे गुन्हे नोंदवण्याचे प्रमाण वाढले, आणि कक्ष महिला अधिकाऱ्याकडे असलेल्या ठाण्यांत ही वाढ अधिक ठळक होती. परंतु नोंद ही पहिली पायरी असते. अटक, आरोपपत्र आणि दोषसिद्धी यांविषयी निबंध काय दाखवतो, हे स्वतंत्रपणे वाचावे.