एकात एक एक्सएमएल टॅग: स्टॅक वापरून पार्सिंग कसे करावे

एका दिवाळी अंकाची अनुक्रमणिका एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहिती उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या खुणांच्या (टॅगच्या) मध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, अशी ठेवली आहे असे समजा. टॅगची नावे देवनागरीत चालतात, एक्सएमएलची त्याला हरकत नाही.

<अंक>
  <शीर्षक>दिवाळी विशेषांक</शीर्षक>
  <विभाग>
    <शीर्षक>कथा</शीर्षक>
    <लेख>
      <शीर्षक>ऊन-पाऊस</शीर्षक>
    </लेख>
  </विभाग>
</अंक>

‘शीर्षक’ तीनदा आले आणि तिन्ही वेळा ते वेगळ्या गोष्टीचे आहे. सॅक्ससारखा पार्सर (एक्सएमएल वाचून त्याचे भाग ओळखणारा प्रोग्रॅम) फाइल वरून खाली वाचत जातो आणि मुख्यतः तीनच गोष्टी कळवतो: टॅग उघडला, मजकूर आला, टॅग बंद झाला. शीर्षक कोणाचे, हे आपणच लक्षात ठेवायचे. ‘सध्या विभागात आहोत’ अशी हो-नाहीची खूण एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवून थोडा वेळ भागते. पण विभागाच्या पोटात आणखी एक विभाग आला, की आतला बंद होताच खूण पुसली जाते आणि बाहेरचा अजून उघडा आहे हे हरवते. म्हणून स्टॅक: एकावर एक ठेवलेल्या नोंदींचा ढीग, ज्यातून शेवटी ठेवलेली नोंद आधी निघते. पायथनमध्ये त्यासाठी साधी लिस्ट पुरते: अपेंडने ठेवा, पॉपने काढा.

पायरी १. टॅग उघडला की एक नवी नोंद स्टॅकवर ठेवा. नोंदीत टॅगचे नाव, ॲट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहिलेली जास्तीची माहिती), मजकुरासाठी रिकामी लिस्ट आणि टॅग ज्या ओळीवर उघडला तिचा क्रमांक असू द्या. ओळ क्रमांक आज अनावश्यक वाटेल. पण फाइल बिघडलेली निघाली, तर ‘ओळ ५ वर उघडलेला लेख बंदच झाला नाही’ असे नेमके सांगता येते.

पायरी २. मजकूर आला की तो सर्वांत वरच्या नोंदीत जोडा. जोडा, जुना पुसून नवा ठेवू नका. सर्वाधिक घोळ इथेच होतात. पार्सर एकच मजकूर तुकड्यांत देऊ शकतो: आधी ‘ऊन-’, मग ‘पाऊस’. वाचनाचा बफर (एका वेळी वाचलेला तुकडा) मध्येच संपला किंवा मजकुरात एंटिटी (एखाद्या चिन्हाऐवजी लिहिलेला संकेत) आली की असे होते. छोट्या फाइलवर सगळे सुरळीत दिसते आणि मोठ्या फाइलवर एखाद्याच शीर्षकाचा अर्धा भाग गायब होतो.

पायरी ३. टॅग बंद झाला की खरे काम करा. मजकूर पूर्ण झाल्याची खात्री याच क्षणी मिळते. पॉप करण्याआधी स्टॅकमधली नावे तळापासून जोडली, की ‘अंक/विभाग/लेख/शीर्षक’ असा पत्ता तयार होतो आणि हे शीर्षक लेखाचे आहे हे ठरते. मग नोंद काढा आणि आता वर आलेल्या नोंदीला, म्हणजे पालकाला, ती जोडून द्या. पार्सर स्वतः लिहीत असाल, तर बंद होणारे नाव वरच्या नोंदीच्या नावाशी जुळते का, हेही तपासा. तयार पार्सर ते स्वतःच पाहतो.

पायरी ४. शेवटी स्टॅक रिकामा हवा. तो भरलेला असेल तर काहीतरी उघडे राहिले आहे.

<चित्र/> सारख्या स्वतःच बंद होणाऱ्या टॅगसाठी सॅक्स उघडणे आणि बंद होणे अशा दोन्ही सूचना देतो, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही. परिच्छेदाच्या मधोमध <ठळक> आला, तर मात्र मजकूर आणि उपघटक एकाच लिस्टमध्ये आले त्या क्रमाने ठेवा; वेगवेगळ्या लिस्ट केल्या तर वाक्याची जुळणी परत करता येत नाही. ओळी आत सरकवण्यासाठी दिलेल्या मोकळ्या जागाही मजकूर म्हणूनच येतात. शीर्षकासारख्या घटकात त्या कडेने छाटा, परिच्छेदात नको.

फाइल फार मोठी असेल, तर पूर्ण झालेला लेख पालकाला जोडू नका. डेटाबेसमध्ये लिहा आणि सोडून द्या. मग मेमरीत राहतात त्या फक्त उघड्या टॅगच्या नोंदी, फाइल कितीही लांब असो. बाहेरून आलेल्या फाइलसाठी स्टॅकच्या खोलीवर मर्यादाही घाला, उदाहरणार्थ १००. ती ओलांडली की पार्सिंग तिथेच थांबवा.