आखाडात कोंबडी आणताना या चुका टाळा (घरात तिघं-चौघंच असतील तर)

आखाड संपत आला की सगळ्यांची एकच घाई, श्रावण लागायच्या आत एकदा तरी कोंबडी झालीच पाहिजे. करा की, पण खाणारी माणसं तीन आणि पातेल्यात रस्सा दहा जणांचा, असं लई घरांत होतं. अमावस्येला उरलेलं दुसऱ्या दिवशी खाणार कोण, श्रावण लागला ना. धुळवडीचं उरलं तर दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीसंग संपून जातं, इथं ती सोय नाही. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पण तेच, दोन-तीन दिवसांवर गणपती आणि पाठोपाठ महालक्ष्म्या, तेव्हा फ्रिजमधी मटण-चिकनचा डबा दिसला तर घरातली म्हातारी माणसं ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ वजनाचा होतो. दुकानाच्या फळीवर दोन भाव असतात, एक जिवंत कोंबडीचा आन एक साफ केलेल्या चिकनचा, आणि आपण स्वस्त दिसतो म्हणून जिवंतचा भाव धरून मोकळे होतो. पिसं, मुंडी, पाय, आतडी, कातडी गेली की ब्रॉयलरचा साधारण दोन तृतीयांश माल हातात येतो, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीचं किलोभर चिकन. गावरानमधी अजून कमी, त्यात हाडं जास्त. भाव पटतोय का बघायचं असलं तर जिवंतचा भाव दीडपट करा, चिकनचा भाव त्याच्या जवळपास असला की ठीक समजायचं.

मग माणसं मोजा, पण खाणारीच. घरात आजी माळकरी, एकाचा शनिवार, लेकराला फक्त लेगपीस पाहिजे, तरी आपण पाच डोकी धरून हिशोब करतो. रस्सा-भाकरीचा बेत असला तर माणशी 200 ग्रॅम कच्चं चिकन हाडासकट बास होतं, कारण काळा मसाला आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळीचं मसाल्याचं पीठ) घातलेला रस्साच भाकरी ओढतो. सुक्कं करायचं असंल तर 250-300 धरा. तिघांसाठी पाऊण किलो, जास्तीत जास्त किलो. पाहुणा आलाच तर रश्शात चार उकडलेली अंडी सोडा, कुणाला कमी पडल्यासारखं वाटत नाही.

आता गावरान. आठवडी बाजारात सगळ्यांची नजर तुऱ्याच्या दांडग्या कोंबड्यावर जाते, "हाच घ्या, भरपूर हाय" म्हणत विकणारा पण तोच पुढं करतो. पण ब्रॉयलर 35-42 दिवसांत दोन किलोच्या घरात जातो, तो मोठा असला तरी कोवळाच, गावरानचं मात्र वजन वाढलं म्हणजे वय वाढलेलं असतं. छातीच्या हाडाचं खालचं टोक बोटानं दाबून बघा, वाकलं तर कोवळी, दगडासारखं लागलं आणि कोंबड्याच्या पायामागचा काटा लांब, टणक असला तर तो कुकरमधी निम्मा गॅस खाणार. लहान घराला तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी बरी, किलो-सव्वा किलोची. जून कोंबडा घेऊन बसलाच असाल तर हळद-मीठ आणि कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावा, अर्ध्या तासानं कुकरला टाका, शिट्ट्या मोजत बसू नका, बारीक गॅसवर निवांत शिजू द्या. आणि तीन लिटरचा कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, मोठ्या कोंबडीचं हे पण एक लफडं.

मोठीच मिळाली तर? शेजाऱ्याबरोबर वाटा करा, बोकडाचा करतोच ना. ब्रॉयलरवाला तर अर्धा किलो पण कापून देतो, लाजायचं काय त्यात. एकदमच घेतलं असंल तर शिजवायच्या आधीच एका वेळेपुरतं बाजूला काढून फ्रीजरमधी टाका, नुसत्या फ्रिजमधी कच्चं चिकन एक-दोन दिवसांच्या वर ठेवू नका. एकदा बर्फ सुटलेलं परत गोठवायचं नाही. आमच्याकडं लाईट रात्री कधी गेली आन कधी आली पत्ता लागत नाही, त्यामुळं सकाळी पिशवी दाबून बघायची, मऊ पडली असली पण अजून गार असली तर त्याच दिवशी शिजवून टाकायचं, कोमट लागली तर सरळ फेकायची. श्रावणात गोठवून ठेवून महिन्यानं करीला खाऊ, असा बेत तर आपल्या लाईटच्या भरवशावर करूच नका.