खेळातली वस्तू पाहताक्षणी ओळखू यावी म्हणून

प्लॅटफॉर्मर खेळात, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेममध्ये, एकदा उडी मारली की विचार करायला वेळ नसतो. समोरची वस्तू घ्यायची, टाळायची की तिच्यावर उतरायचं, हे खेळाडूला हवेत असतानाच कळायला हवं. वस्तूचं नाव नाही कळलं तरी चालतं. म्हणून चित्र काढायला बसण्याआधी मी वस्तूंची यादी करते आणि प्रत्येकीपुढे एक क्रियापद लिहिते: घे, टाळ, चढ, उघड, फोड. जिच्यापुढे क्रियापद सुचत नाही ती सजावट. मग प्रत्येक क्रियापदाला एक खूण ठरवायची आणि ती खूण सजावटीला कधीही द्यायची नाही.

सध्या माझ्या हातात असलेला खेळ पावसाळ्यातल्या एका गडावर घडतो. काळा कातळ, शेवाळ, गवत, धुकं. हिरवा सगळीकडेच असल्यामुळे त्याला काही अर्थ देण्यात हशील नव्हतं, तो निसर्गाला सोडून दिला. जे घ्यायचं ते गोल आणि कडेला पिवळं. जे इजा करतं ते टोकदार आणि टोकाशी लाल. जिथे पाय ठेवता येतो तिथे दगडाच्या वरच्या कडेला दोन पिक्सेलची फिकट रेघ. ही रेघ पायऱ्यांना आहे, तटावरच्या चालायच्या वाटेला, म्हणजे फांजीला आहे, अर्धवट कोसळलेल्या तुळईलाही आहे. मागच्या डोंगरकड्याला मात्र कुठेच नाही, तो कितीही सपाट दिसला तरी.

यात खरेपणाशी भांडण होतंच. शिवराई नाणं तांब्याचं, ओल्या मातीवर ठेवलं तर दिसेनासं होणारं. मी आतला भाग तांब्याचाच ठेवला, त्यावरची अक्षरंही ठेवली, पण कड चकचकीत पिवळी केली आणि नाणं जागच्या जागी फिरतं ठेवलं. खाजकुइलीच्या शेंगा खऱ्या आयुष्यात तपकिरी, मखमली, जवळजवळ प्रेमळ दिसणाऱ्या. खेळात त्यांची टोकं ताणून लाल केली. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना हे पटणार नाही, पण माझ्या मते खेळात खूण आधी, तपशील नंतर.

आकार आणि रंग यांना वेगवेगळी कामं कशी द्यायची हे शिकायचं असेल तर 1980 सालचा पॅक-मॅन, म्हणजे भुतांना चुकवत गोळ्या खायचा व्हिडिओ गेम, नीट बघा. चारही भुतांचा आकार एकच, म्हणजे ‘यांच्यापासून पळा’. रंग चार, कारण प्रत्येक भूत वेगळ्या पद्धतीने पाठलाग करतं. मोठी गोळी खाल्ली की चौघंही एकाच गडद निळ्या रंगाची होतात, कारण आता चौघांचं क्रियापद बदलून ‘खा’ झालेलं असतं. मुदत संपत आली की ती पांढरी लुकलुकतात. खाल्लेल्या भुताचे फक्त डोळे उरतात आणि ते डोळे ना घ्यायचे ना टाळायचे. वस्तूचं काम बदललं की रूप बदलतं, काम तेच असेल तर रूपही तेच राहतं. इतकी शिस्त आजच्या कित्येक मोठ्या खेळांतही सापडत नाही.

आता तपासणी. पहिली: सगळ्या वस्तू एका पानावर खेळातल्याच मापात ठेवा, समजा 32 बाय 32 पिक्सेल, आणि प्रत्येक आकृती पूर्ण काळी भरा. झूम करायचं नाही. मडकं आणि सुतळी बॉम्ब दोन्ही काळे गोळेच दिसत असतील तर रंगाकडे वळूच नका, आधी मडक्याला गळा द्या आणि बॉम्बला वात.

दुसरी: खेळाचा स्क्रीनशॉट करड्या रंगात बघा. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग काढून टाकणारा डीसॅच्युरेट फिल्टर उघडला की बरेच पर्याय येतात. त्यातला ‘लुमिनॉसिटी’ घ्या. ‘लाइटनेस’ घेतलात तर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही सारखेच करडे होतात आणि तपासणी वाया जाते, कारण डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ दिसतो. करड्या चित्रात नायक, नाणी आणि काटे मागच्या दृश्यातून सुटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर बहुतेक वेळा वस्तूत बदल करायची गरज नसते. मागच्या लेयरचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, कमी करा आणि त्यातला उजेड-काळोखाचा फरक दाबा. आमच्या गडावर हे काम धुकं फुकट करून देतं.

लाल-हिरव्यात फरक न कळणारे खेळाडू कमी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण 8 टक्के आहे, आपल्याकडे त्याहून कमी. तरीही हिरव्या गवतात लाल टोक हाच धोक्याचा एकमेव इशारा असता कामा नये. म्हणून टोकदारपणा. एका क्रियापदाला निदान दोन खुणा हव्यात आणि त्यातली एक तरी रंगाची नसावी. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांत, 120 पत्ते आणि दहा अवतारांचे दहा गट असतात. तिथे प्रत्येक गटाच्या पत्त्यांच्या जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, रंगही वेगळा आणि अवताराचं चिन्हही वेगळं, मासा, कासव, परशू असं. कंदिलाच्या उजेडात एक खूण हुकली तरी दुसरी हाताशी असते.

तिसरी तपासणी स्वस्त फोनवर, ब्राइटनेस अर्ध्यावर आणून, दुपारी उन्हात. मोठ्या मॉनिटरवर चित्र पास करू नका.

ठरलेल्या खुणा एका पानावर काढून टीममधल्या सगळ्यांना द्या, लेव्हल बनवणाऱ्यांनाही. गडबड बहुतेकदा तिथेच होते: रिकामा कोपरा सजवायला कुणीतरी पिवळी झेंडूची फुलं लावतं आणि खेळाडू ती गोळा करायला दरीत उडी मारतो. आमच्या खेळात झेंडू केशरी, तोही मंद, आणि नेहमी माळेतच.

फसवी वस्तू हवी असेल, म्हणजे पेटी दिसते पण चावते, तर ती बरीच उशिरा आणा. खऱ्या पेट्या भरपूर उघडून झालेल्या असू द्या. आणि फसव्या पेटीलाही स्वतःची खूण द्या, कडी डावीकडे असणं एवढंही पुरतं, मात्र ती प्रत्येक फसव्या पेटीवर तश्शीच हवी. पहिल्यांदा चावा बसला की खेळाडू स्वतःच कडीकडे बघायला लागतो.