सरांच्या नजरेत न येता नववी-दहावी कशी काढायची (कोल्हापूर स्पेशल)

हुशार पोरांसाठी गाईड बाजारात ढिगानं मिळतात आणि वांड पोरांना कुठलंच गाईड लागत नाही. राहिली मधली पब्लिक, म्हणजे आपण. पयला नंबर नको, ऑफिसात बोलवणं नको, घरी चिठ्ठी नको, वर्ष तेवढं शांतीत निघालं पायजे. त्यासाठी एकच गोष्ट सांभाळायची भावा, सरांना तुझं नाव पाठ होता कामा नये. जूनमध्ये नाव पाठ झालं की संपला विषय, मग मार्चपर्यंत फळा तूच पुसणार, स्टाफरूममधनं खडू तूच आणणार आणि मागं कोणीबी हसलं तरी उभा तूच राहणार.

आधी जागा पकड. लास्ट बेंचची हवा लोकांनी उगंच केलीय. सर वर्गात आले की पयली नजर शेवटच्या बेंचवर जाते, तिथं काही केलं नसलं तरी "काय चाललंय मागं?" हे ठरलेलं. पुढच्या बेंचवर खडूची भुकटी आणि टॉपरचं कोपर, तेबी नको. खरी जागा म्हणजे तिसरा बेंच, भिंतीकडची बाजू, आणि पुढं एखादा तालमीतला नायतर फुटबॉल खेळणारा रुंद खांद्याचा गडी. असला गडी वर्गात एखादाच असतो त्यामुळं पयल्या दिवशी लवकर जायचं, वर्षातनं एकदाच लवकर जायचंय, तेवढं कर. आणि त्याच्याशी दोस्ती ठेव, तो आजारी पडला तर तुझी भिंतच गेली.

आता उशीर. रोजचं कारण रोज चालत नाही, कारणाला सीझन असतो हे बऱ्याच जणांना कळत नाही. "गाडी पंक्चर झाली" हे तर सरांच्या शाळेपासनं चालत आलंय, ते ऐकतबी नाहीत. कोल्हापुरात राहून पंक्चर सांगणं म्हणजे दारात विहीर असून टँकर बोलवणं. दिवाळीनंतर उसाचा हंगाम चालू झाला की "ट्रॅक्टर आडवा आला सर" म्हणायचं, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, गाणी लावलेला, पुढं जायला जागा नाही, सर स्वतः सकाळी त्याच्याच मागनं आलेले असतात त्यामुळं आवाजच बंद. नवरात्रात अंबाबाईची गर्दी, भवानी मंडपाकडनं वाटच नाही. ललित पंचमीला टेंबलाईची यात्रा. पावसात काय, पाणी. फक्त सीझनची अदलाबदल करू नको, ऑगस्टमध्ये उसाची ट्रॉली सांगणारा वर्षभर फळा पुसतो.

आणि गेटवर पोचलास आणि आत राष्ट्रगीत चालू झालंय, तर घाबरू नको, आहे तिथं सावधानमध्ये उभा राहा. शिपाई मामाबी हलू शकत नाहीत. ५२ सेकंदं आहेत तुझ्याकडं, डोळ्यांनीच बघून घे आपल्या वर्गाची रांग कुठली, संपलं की सरळ चालत जाऊन मिसळायचं. पळायचं नाही. पळणारं पोरगं गच्चीवरनंबी दिसतंय.

वर्गात खरा धोका म्हणजे "आज तारीख किती?" आता हा प्रश्न भोळा वाटतो पण तो भोळा नाही. सतरा तारीख म्हटलं की रोल नंबर सतरा उभा, त्याला आलं नाही की सात, मग सत्तावीस. म्हणून रोज सकाळी दात घासताना तारीख बघायची सवय लाव, आपली पाळी असंल त्या दिवशी एक तरी धडा वाचून जायचं. एकतीसच्या पुढचे रोल नंबर निवांत असतात असा एक गैरसमज आहे. गणिताचे सर तारखेत महिना मिळवतात. आता बस हिशेब करत, ३१ आणि १२ म्हणजे ४३, त्याच्या पुढचा नंबर असंल तर तू खरा नशीबवान, जोपर्यंत सरांना गुणाकार आठवत नाही तोपर्यंत.

आडनाव पाटील असंल तर अर्धं काम देवानंच केलंय. वर्गात पाच-सहा पाटील ठरलेले, "पाटील उभा राहा" म्हटलं की सगळे एकमेकांकडं बघतात, कोणीच उठत नाही, सर कंटाळून पुढं जातात. ह्यात एकच नियम, पाटलांनी आपापसात एकी ठेवायची. एक जरी पाटील हुशारी दाखवायला उठला की बाकीच्यांची ओळख पटत जाते.

नजर चुकवायची असंल तर खाली वाकून पेन शोधू नको, ते जुनं झालं. वहीत लिहीत राहा. काय लिहितोयस ह्याला महत्त्व नाही, घरचा पत्ता लिही, पण अधनंमधनं मान वर करून फळ्याकडं बघायचं, जरा कपाळाला आठी पाडायची आणि परत लिहायला लागायचं. लिहिणाऱ्या पोराला सर सहसा उठवत नाहीत, त्यांनाबी बरं वाटतं ओ कोणीतरी लिहितंय म्हणून.

मॉनिटरचं वेगळं सांगायला पायजे. ऑफ तासाला फळ्याच्या कोपऱ्यात "बोलणाऱ्यांची नावे" लिहून खाली रेघ मारली की हे माणूस कलेक्टर होतंय. नाव आलं की विनवण्या करायच्या नाहीत, जेवढ्या करशील तेवढ्या नावापुढं फुल्या वाढतात. शांत बसायचं, दोन मिनिटांनी त्याला तुझा कंपास उसना द्यायचा, किंवा मधल्या सुट्टीतल्या वड्याचं बघू म्हणून खूण करायची. सर येईपर्यंत तुझं नाव डस्टरच्या कडेला "चुकून" लागून पुसलं जातं. फक्त पूर्ण पुसलंय का बघ, अर्धवट पुसलेलं नाव जास्त लक्षात येतं.

डबा. ह्यावर जरा थांबूया कारण सगळ्यात जास्त पोरं हितंच सापडतात. मधल्या सुट्टीपर्यंत भूक थांबत नाही हे मान्य, तिसऱ्या तासाला डबा उघडायचा मोह होणारच, पण डब्यात काय आहे त्यावर निर्णय घे. रविवारच्या मटणातलं सुकं सोमवारी डब्यात आलं असंल तर झाकणाला हातबी लावू नको, वास आधी पुढच्या गड्याला लागणार, तो मागं वळणार, त्याच्या जागी उजेड पडणार आणि सरळ सरांना तू दिसणार. खर्डा तर त्याहून वाईट. मिरचीचा झणका बेंचवर बेंच सरकत जातोय, पयल्यांदा एक शिंक, मग ठसका, मग अख्खी रांग, आणि सर विचारतात "कुणाच्या डब्यात खर्डा आहे?" तिसऱ्या तासाला खायचं म्हणजे गूळ-शेंगदाणे. वास नाही, आवाज नाही, गूळ आपल्याच गावचा. चपाती असंल तर आधीच गुंडाळी करून खिशात घ्यायची. आणि स्टीलच्या डब्याचं झाकण हजेरी चालू असतानाच सैल करून ठेव, "हजर सर, हजर सर" च्या गोंगाटात तो "टक्" आवाज कुणाला कळत नाही.

तास जातच नसंल तर फुटबॉलचा विषय काढायचा. कोल्हापुरातले सर म्हणजे कुठल्यातरी पेठेचे असणार, आणि पेठ आली की संघ आला. "सर, काल शाहू स्टेडियमला तो गोल ऑफसाइड होता काय?" एवढंच. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ दोन्हीकडची पोरं वर्गात असली तर बेल होईपर्यंत समीकरणं फळ्यावर तशीच लटकत राहतात. पण हा प्रश्न तू विचारायचा नाही बरं का, पुढच्या गड्याला विचारायला लाव. त्याला त्यात खरंच इंटरेस्ट असतो.

शाळेची तपासणी आली, बाहेरचे साहेब मागं येऊन उभे राहिले आणि तुलाच काहीतरी विचारलं, आणि प्रश्न नीट ऐकू आला नाही, तर "राजर्षी शाहू महाराज" म्हण. कोल्हापुरात हे उत्तर सहसा चुकत नाही. आरक्षण कोणी दिलं, शाहू महाराज, १९०२. राधानगरी धरण, शाहू महाराज. खासबाग मैदान, शाहू महाराज. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, शाहू महाराज, १९१७. त्यात पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. तेव्हा "आज शाळेला जात नाही" म्हणताना जपून, आमच्याकडं आजोबा लोकांना हे सगळं पाठ आहे आणि कायदा प्राथमिकसाठी होता असला वाद ते ऐकून घेत नाहीत.

पावसाळ्यात सुट्टीचा अभ्यास हा स्वतंत्र विषय. अपूर्णांक न येणारं पोरगंबी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फूट-इंचात सांगतंय. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, आणि राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातले किती उघडले हे रात्री झोपायच्या आधी बघायचं. दरवाजे उघडले म्हणून लगेच दप्तर फेकू नको, तिकडचं पाणी हिकडं यायला वेळ लागतो, तेवढ्यात एक चाचणी होऊन जाते. ग्रुपवर कलेक्टरांचं पत्र आलं की आधी तारीख वाच, तारखेच्या खाली साल वाच, मागच्या वर्षीचं पत्र दर जुलैला परत फिरतंय आणि त्याच्यावर विश्वास ठेवून घरी बसलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं असतंय. आणि मागताना बेतानं माग. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा शाळा बंद होत्या खऱ्या, पण माणसं शाळेच्या वर्गात राहायला आलेली. म्हणून आमच्यातली पोरं अंबाबाईला ३९ च मागतात, ४३ नको म्हणतात.

परीक्षेचं थोडक्यात. ३५ ला पास, तोंडीचे आणि प्रकल्पाचे मार्क शाळेच्या हातात, त्यामुळं वह्या जमा करताना आपली गठ्ठ्याच्या बरोबर मध्ये सरकव. वरच्या वह्या सर उत्साहात तपासतात, खालच्या रागात. मधल्या वह्यांना नुसती टिक.

शेवटचं संकट शाळेच्या बाहेर आहे. हे गाव एवढंच आहे भावा, सर भेटणारच. रंकाळ्यावर भेळ खाताना भेटतील, गंगावेशीत दूध कट्ट्यावर भेटतील, आणि रविवारी सकाळी मिसळीच्या गाड्यावर तर समोरच येऊन बसतील. पळू नको, तोंड पण लपवू नको. "नमस्कार सर" म्हणायचं, मग ते "तू कुणाचा रे?" विचारतात, म्हणजे नाव अजून पाठ नाही, जिंकलास. वडलांचं नाव सांगू नको, ते एकाच तालमीतले निघतात. नुसती गल्ली सांग. सर बिल देतो म्हणाले तर एकदा नको म्हण, दुसऱ्यांदा गप्प बस. मिसळीचा कट, म्हणजे रस्सा, पायजे तेवढा माग, पावाच्या स्लाइस मागवायच्या आधी मात्र एकदा सरांच्या तोंडाकडं बघून घे.