फॅन्टसी बेसबॉलचा ड्राफ्ट करताना वहीत दहा रकाने पाडा

मार्च संपत आला की जळगावात कूलर उतरवायची घाई आणि आमच्या आठ जणांच्या लीगमध्ये ड्राफ्टचा रविवार ठरवायची भांडणं सोबतच सुरू होतात. फॅन्टसी बेसबॉल म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या खऱ्या खेळाडूंची आपली टीम करायची, ते खऱ्या मॅचमध्ये जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला; ड्राफ्ट म्हणजे आळीपाळीने एकेक खेळाडू निवडणं, एक निवड म्हणजे पिक आणि सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड. यंदा भुसावळ, चोपड्याकडची नवीन पोरं पण विचारताय की टीम कशी निवडायची, म्हणून जे खेळून कळलं ते लिहून टाकतो.

आधी पॉइंट कसे मिळतात ते डोक्यात पक्कं करा. रोटो फॉरमॅटमध्ये (सीझनभराच्या आकड्यांवर प्रत्येक रकान्यात नंबर लावतात तो) साधारण दहा रकाने असतात, बॅटिंगचे रन, होमरन, आरबीआय (आपल्या बॅटिंगवर टीमला आलेले रन), स्टील (पळून चोरलेला बेस), ॲव्हरेज (हिटचं प्रमाण) आणि पिचिंगचे विन, सेव्ह (थोडक्या आघाडीची मॅच शेवटी राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए (दर नऊ इनिंगला दिलेले रन), व्हिप (दर इनिंगला दिलेले हिट आणि वॉक); शेवटचे दोन जितके कमी तितके चांगले. आठ जणांची लीग असेल तर प्रत्येक रकान्यात पहिल्याला ८ पॉइंट, शेवटच्याला १. आता गंमत बघा, होमरनमध्ये दुसऱ्यापेक्षा १ जास्त असला काय आणि ६० जास्त असले काय, पॉइंट ८च. ते वरचे ५९ होमरन वाया गेले भो! पहिल्या वर्षी मी एकामागे एक नुसते दणके मारणारे उचलले, होमरनमध्ये पहिला आलो आणि स्टील, ॲव्हरेज दोन्हीत शेवटचा. याच्या उलट दहाही रकान्यांत तिसरा राहिला तरी ८० पैकी ६० होतात आणि तेवढ्यावर पहिल्या नंबरच्या भांडणात राहता येतं.

म्हणून ड्राफ्टला बसताना मोबाईलच्या बाजूला एक शंभर पानी वही ठेवायची, पान आडवं धरून दहा रकाने पाडायचे आणि प्रत्येक पिक झाला की त्या खेळाडूकडून काय अपेक्षा आहे ते पेन्सिलीने भरायचं. पेन्सिलच घ्या, खोडावं लागतं. पाच-सहा पिक झाले की कुठला रकाना कोरडा पडलाय ते वहीच सांगते, आणि बॅलन्स जो काही साधायचा तो इथून पुढे पंधराव्या राउंडपर्यंतच साधतो, पहिल्या दोन-तीन राउंडला सरळ जो सगळ्यात जास्त रकान्यांत हातभार लावेल तो घ्या.

एक जोडी दाखवतो. २०२३ ला काइल श्वारबरने ४७ होमरन मारले पण ॲव्हरेज .१९७. त्याच वर्षी लुईस अराएझचं ॲव्हरेज .३५४ आणि होमरन फक्त १०. एकटा श्वारबर घेतला तर ॲव्हरेजचा रकाना बसतो, एकटा अराएझ घेतला तर होमरन बसतात, पण दोघांची मोट बांधली की ५७ होमरन आणि ॲव्हरेज .२७४ च्या आसपास, जेव्हा की त्या सीझनला सगळ्या मेजर लीगचं मिळून ॲव्हरेज होतं .२४८. म्हणजे एका कमजोर रकान्याचा खेळाडू घेतला की लगेच मनात त्याचा जोडीदार शोधायला लागायचं, शेवटच्या राउंडवर ढकललं तर जोडीदार उरत नाही.

स्टीलचं गणित मात्र बदललंय. २०२३ पासून बेस १५ इंचाचे १८ इंच झाले, पिच क्लॉक (पिचरला ठराविक सेकंदांत बॉल टाकायला लावणारं घड्याळ) आलं, पिचरला रनरकडे वारंवार बॉल फेकायला मर्यादा आली, आणि सगळ्या मेजर लीगचे मिळून स्टील २०२२ च्या २,४८६ वरून ३,५०३ झाले. तर नुसता पळणारा, बाकी चार रकान्यांत काहीच न देणारा खेळाडू वरच्या राउंडला घ्यायची आता गरज नाही, १५-२० स्टील देणारे तीन-चार जण मधल्या राउंडला मिळून जातात.

पिचिंगला घाबरून खेळा, हे मी मनापासून सांगतो. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ ला २८१ स्ट्राइकआउट घेतले, पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये तो खूप वरती उचलला गेला आणि दोन मॅच खेळून कोपराच्या ऑपरेशनला गेला. त्याच अटलांटाचा रोनाल्ड अकुन्या, २०२३ ला ४१ होमरन आणि ७३ स्टील, तो पण २०२४ च्या मे मध्ये गुडघ्याने बसला. आपल्याकडे रावेर-यावलला वादळात एका रात्रीत उभी केळी आडवी होते, ज्याने थोडं वावर कपाशीला ठेवलं त्याचं वर्ष निघतं, तसंच एकाच रियल टीमचे चार जण भरू नका आणि पहिल्या चार पिकमध्ये पिचर एकच. विन कोणाच्या हातात नसतात, त्यामागे पळू नका, स्ट्राइकआउट जास्त आणि वॉक (चार चुकीच्या बॉलवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) कमी देणारा पिचर घ्या, ईआरए आणि व्हिप आपोआप सांभाळले जातात. सेव्ह बहुतेक क्लोजरला, म्हणजे मॅच संपवायला शेवटी येणाऱ्या पिचरला मिळतात, टीम ३० आणि त्यातल्या काहींत हे काम दोघा-तिघांत वाटलेलं, म्हणून पक्की जागा असलेला एक क्लोजर मधल्या राउंडला घेऊन ठेवा, दुसरा नंतर बघता येतो.

स्नेक ड्राफ्टमध्ये (दर राउंडला पाळीचा क्रम उलटा होतो) तुमचा नंबर पहिला असेल तर पुढचा पिक थेट १६ वा, मध्ये १४ खेळाडू जातात, म्हणून एक नाही तर दोन नावं ठरवून बसा कारण १६ आणि १७ दोन्ही तुमचेच. २०२४ च्या मूकी बेट्ससारखा दोन-तीन जागी चालणारा खेळाडू मिळाला तर बेंचची एक जागा वाचते. कॅचरसाठी घाई नको.

आणि क्यू, म्हणजे ॲपमधली पुढच्या पसंतीच्या नावांची यादी, भरून ठेवा! एकदा ऐन नवव्या राउंडला आमच्याकडे लाईट गेली, वायफाय बंद, हॉटस्पॉट चालू करेपर्यंत पिकचे ९० सेकंद संपले आणि ऑटोपिकने दुसरा कॅचर उचलून दिला. घरात शेवभाजीचा वास सुटलेला, मावसभाऊ बाजूने विचारतोय, "भो, आते कसं व्हई?" तेव्हापासून मी पुढची दहा नावं आधीच क्यूला लावून ठेवतो.

सीझन सुरू झाला की न्यूयॉर्ककडच्या संध्याकाळी ७ च्या मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला असतात, तर लाइनअप रात्री झोपायच्या आधी बघायचा, आणि वही फेकायची नाही, मे महिन्यात ट्रेड करताना कोणता रकाना विकायचा ते तिच्यातच दिसतं.