शाश्वत पर्यटनावर संशोधन करायचंय? आधी मोजमाप ठरवा

माझ्याकडे येणाऱ्या संशोधन-आराखड्यांपैकी बरेचसे 'पर्यटनाबाबत स्थानिकांची मतं' याच वळणाचे असतात. मतं गोळा करणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून तेच उदंड झालंय. मी विद्यार्थ्यांना सांगते, प्रश्नावली बाजूला ठेवा आणि एका वाक्यात लिहा: काय टिकवायचं, कुणासाठी, आणि ते टिकलं हे कशावरून कळणार?

गाडी अडते ती 'कशावरून'पाशी. पाण्याचंच घ्या. 'पाण्यावर ताण येतो' एवढं लिहून भागत नाही. एका मुक्कामामागे किती लिटर लागलं, ते विहिरीचं की टँकरचं, त्याच आठवड्यात शेजारच्या घरांत नळ किती वेळ होता, हे मांडा. नोंदी गर्दीच्या दिवसांत घ्या आणि त्याच ऋतूतल्या सामसूम दिवसांतही घ्या. नाहीतर ताण पर्यटकांचा की उन्हाळ्याचा, हे सांगता येणार नाही.

मग मोजणीची सीमा आखा, म्हणजे काय धरायचं आणि काय वगळायचं ते ठरवा. 2018 मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जागतिक हरितगृह वायू उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे 8 टक्के काढला. आधीच्या अंदाजांपेक्षा तो बराच मोठा होता, कारण प्रवासासोबत खाणं आणि खरेदी यांच्यामागची पुरवठा साखळीही त्यात धरली होती. तुम्ही विमानप्रवास वगळणार असाल, तर पहिल्याच पानावर तसं लिहा.

वहनक्षमतेचा, म्हणजे एखाद्या ठिकाणाला किती पर्यटक झेपतील याचा, एकच आकडा काढायच्या मागे लागू नका. अमेरिकेतल्या वनक्षेत्रांसाठी 1985 मध्येच 'किती माणसं?' ऐवजी 'किती बदल चालेल?' अशी मांडणी झाली, आणि मला तीच जास्त कामाची वाटते. थायलंडमधली माया बे ही पर्यटकांच्या गर्दीची खाडी 2018 मध्ये बंद झाली. 2022 मध्ये उघडली, तेव्हा पर्यटकसंख्येवर मर्यादा आलीच, शिवाय बोटींना खाडीत मज्जाव करून त्यांना बेटाच्या मागच्या बाजूला थांबवलं. माणसं कुठून आणि कशी येतात, तेही मोजायला हवं.

सध्या मोबाइलच्या लोकेशन नोंदी आणि सोशल मीडियावरचे फोटो वापरण्याकडे कल आहे. जरूर वापरा. मात्र हॉटेलच्या खोल्या झाडणारी बाई त्यात सापडत नाही. तिला भेटावं लागतं, तेही मालकाच्या माघारी.

सगळ्यात अवघड आहे ती मुदत. निधी दोन-तीन वर्षांचा, आणि प्रवाळ तेवढ्यात सावरत नाही. म्हणून तुमच्यानंतर नोंदी कोण ठेवणार, मच्छीमारांची संस्था की शाळा, हे आराखड्यातच ठरवा आणि त्यांना झेपेल इतकीच सोपी वही बनवा.